पॅकेटचं गाव कोणतं?

घरच्या राउटरवर पोर्ट ५३, म्हणजे 'या नावाचा पत्ता काय' असे डीएनएसचे प्रश्न जिथून येतात ते दार, बाहेरच्या जगाला उघडलं की पहिली क्वेरी यायला फार वाट पाहावी लागत नाही, आणि ती घरच्यांपैकी कुणाची नसते. कुणीतरी येऊन तुझं सॉफ्टवेअर कोणतं, आवृत्ती कोणती असं विचारून जातं. मग दुसरं कुणी भलत्याच डोमेनचा पत्ता विचारतं. त्याला तो पत्ता नको असतो, इथून उत्तर मिळतं का एवढंच बघायचं असतं. नाशिकमधल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवलाय हे ब्राझील किंवा नेदरलँड्समधल्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. ठाऊक असावं लागतच नाही. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत. तिच्यातले पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन मांडलं, आणि चांगली जोडणी असलेलं एक यंत्र त्याच्या जोरावर हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळू शकतं हे दाखवून दिलं. म्हणजे माझा पत्ता कुणी शोधून काढलेला नसतो. सगळेच पत्ते तपासले जातात, त्यात माझाही येतो.

हा सर्व्हर घरात आला तो सासूबाईंच्या फोनपायी. पंचांगाचं अ‍ॅप उघडलं की स्क्रीनभर जाहिरात, ती बंद करायची फुली नखाएवढी, ती चुकली की भलतंच काहीतरी डाउनलोड. घरच्या डीएनएस सर्व्हरने जाहिरातवाल्या डोमेनना उत्तरच द्यायचं नाही, म्हणजे जाहिरात यायची कुठून? अ‍ॅडगार्ड होम हे सॉफ्टवेअर नेमकं तेवढं काम करतं. नाव दिलं की आयपी पत्ता सांगायचा ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्यातला 'सांगायचा' हा भाग आपल्या हातात घेतला की काय सांगायचं नाही हेही ठरवता येतं. घरात सगळं झकास चाललं. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवळात गेलं की पुन्हा तेच सुरू होतं." मोबाइल डेटावर फोन सर्व्हर बदलतो, हे त्यांना न सांगताच कळलं होतं.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीचा श्टुटगार्टहून फोन. "ताई, तुझा सर्व्हर मलाही दे ना. राउटरमध्ये नंबर टाकते तुझा." तिच्या राउटरला साधा डीएनएस लागतो, म्हणजे पोर्ट ५३. सासूबाईंच्या अँड्रॉइडला 'प्रायव्हेट डीएनएस' लागतो, म्हणजे एनक्रिप्ट केलेला, पोर्ट ८५३ वरचा. दोन्हीसाठी बाहेरून दिसणारा कायमचा पत्ता हवा. इथल्या बहुतेक घरांना तो नसतो. केबलवाला एकाच पत्त्यामागे बरीच घरं कोंबतो, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेलं घरातल्या यंत्राकडे वळवायचा, प्रश्नच येत नाही. खरं तर लाखो घरं त्या कोंबण्यामुळेच आपसूक सुरक्षित आहेत. मी मात्र जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. काय काय येतं ते बघायची हौसही होती, खोटं का बोला. प्रत्येक पत्त्याला सेकंदाला किती उत्तरं द्यायची याची मर्यादा आधीच घालून ठेवली आणि लॉग, म्हणजे आलेल्या प्रश्नांची नोंद, उघडून बसले.

येणारे सगळेच चोर नसतात. शॅडोसर्व्हर नावाची एक ना-नफा संस्था रोज सगळं इंटरनेट चाळून कुठे कुठे उघडे रिझॉल्व्हर, म्हणजे कुणालाही उत्तर देणारे डीएनएस सर्व्हर, आहेत ते टिपते आणि त्या त्या नेटवर्कच्या मालकांना कळवते. विद्यापीठांचे संशोधक असतात. पण त्यांच्या मागोमाग जे येतात त्यांना माझा सर्व्हर हवा असतो तो दुसऱ्या कुणावर सोडायला.

ही युक्ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. डीएनएसचे बहुतेक प्रश्न यूडीपी नावाच्या पद्धतीने येतात. यूडीपीत आधी ओळखपाळख नाही. पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, आलं, उत्तर दिलं, संपलं. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा म्हणून जो पत्ता असतो तो पाठवणाऱ्याने स्वतःच लिहिलेला असतो. मग हल्लेखोर तिथे ज्याला बुडवायचं त्याचा पत्ता लिहितो, माझ्या सर्व्हरला चिमुकला प्रश्न विचारतो, आणि माझा सर्व्हर प्रामाणिकपणे भलंमोठं उत्तर त्या बिचाऱ्याकडे पाठवतो. मूळच्या नियमात यूडीपीवरचं उत्तर ५१२ बाइटच्या पुढे जात नसे. १९९९ मध्ये आलेल्या ईडीएनएस या विस्ताराने मोठी उत्तरं शक्य झाली. सोय म्हणूनच ते केलं होतं. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबरसुरक्षा संस्थेने डीएनएसच्या बाबतीत प्रश्नापेक्षा उत्तराची ही वाढ २८ ते ५४ पट धरली होती. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेवर याच रीतीने हल्ला झाला तेव्हा सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा लोंढा मोजला गेला. तो वाहून नेणाऱ्या उघड्या रिझॉल्व्हरांच्या मालकांना आपण कुणाला झोडपतोय याची गंधवार्ताही नसणार.

यावरचा खरा इलाज माझ्या हातात नाही, तो इंटरनेट कंपन्यांच्या हातात आहे. आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवरचा पत्ता खरोखर आपल्याच ग्राहकाचा आहे का, एवढं प्रत्येकीने तपासायचं. मे २००० मध्ये आरएफसी २८२७ या, इंटरनेटच्या रीती मांडणाऱ्या दस्तऐवजांपैकी एका दस्तऐवजात हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. तेव्हा जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली, आणि सगळ्या कंपन्या अजूनही ते करत नाहीत. कारण साधं आहे: तपासणीचा खर्च तुमचा, फायदा दुसऱ्याचा.

आता, लॉगमध्ये देशोदेशीचे झेंडे दिसायला लागले की कुणालाही जो उपाय सुचतो तो मलाही सुचला. आमच्या घरात भारतातली माणसं, बहीण जर्मनीत. मग बाकीच्या जगाशी आपला संबंध काय? दोन देश ठेवा, उरलेले बंद.

अ‍ॅडगार्ड होममध्ये कुणाला आत घ्यायचं ते लिहायला जागा आहे. तिथे आयपी, आयपींचा पट्टा किंवा क्लायंट आयडी, म्हणजे प्रत्येकाला दिलेला ओळखीचा शब्द, लिहिता येतो. देशाचा रकाना नाही. ते काम फायरवॉलचं, म्हणजे कोणतं पॅकेट आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचं. जगात आयपी पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत. आपल्याकडचे पत्ते ब्रिस्बेनच्या एपनिकच्या खात्यातून येतात, आणि २०१२ पासून भारतात ते वाटायचं काम निक्सी या भारतीय संस्थेच्या छत्राखाली आयआरआयएनएन बघते. या पाचही संस्था रोज एक साधी मजकुरी फाइल प्रसिद्ध करतात: कोणता पट्टा, किती पत्ते, कोणत्या देशाला, कधी दिला. त्यातल्या भारताच्या आणि जर्मनीच्या ओळी वेगळ्या काढायच्या, एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या सेटमध्ये भरायच्या, आणि 'या सेटमध्ये नसेल तर पॅकेट टाकून दे' असा एक रूल लिहायचा. बस. (सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या डब्यात, चालवत असाल तर यूएफडब्ल्यू या सोप्या फायरवॉलमध्ये लिहिलेला रूल त्याला लागतच नाही. डॉकर स्वतःचे रूल वेगळ्या वाटेने घालून मोकळा होतो. आपला रूल डॉकर-यूजर नावाच्या साखळीत लिहावा लागतो. यापायी कितीतरी जणांनी 'बंद केलंय' असं समजून सताड उघडी पोर्ट मिरवली असतील.)

रूल लागला आणि लॉग एकदम शांत झाला. ते समाधान नाकारण्यात अर्थ नाही. मी तर दोन दिवस खुशीत होते.

मग प्रश्न पडायला लागले. फायरवॉलला देश कळतो म्हणजे नेमकं काय कळतं? त्या फाइलमध्ये लिहिलेला देश म्हणजे तो पट्टा कुणाच्या नावावर नोंदला आहे, एवढंच. यंत्र कुठे आहे हे त्यात नाही, आणि यंत्रापुढे बसलेलं माणूस कुठलं हे तर त्याहून नाही. १.१.१.१ हा कुणालाही वापरता येणाऱ्या एका डीएनएस सर्व्हरचा प्रसिद्ध पत्ता. नोंदवहीत तो ऑस्ट्रेलियाचा, कारण तो पट्टा एपनिकच्या संशोधन विभागाच्या नावावर आहे. चालवते क्लाउडफ्लेअर ही अमेरिकी कंपनी, आणि नाशिकहून विचारलं तर उत्तर बहुधा मुंबईतून येतं. याला कुठलं गाव म्हणायचं? ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ चे जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले. त्यानंतर हळूहळू अशी वेळ आली की नवे पत्ते हवे असतील तर बहुतेकदा कुणाचे तरी जुने विकत घ्यायचे किंवा भाड्याने, आणि हा व्यवहार खंडांच्या सीमा ओलांडून चालतो. आज एका देशाचा असलेला पट्टा काही महिन्यांनी दुसऱ्या देशात राबत असतो, आणि आपली डाउनलोड केलेली यादी जुनंच गाव सांगत बसते.

नोंदवहीपेक्षा बारीक माहिती हवी असेल तर जिओआयपीचे, म्हणजे आयपीवरून ठिकाण सांगणारे, डेटाबेस मिळतात, त्यातला मॅक्समाइंड या कंपनीचा सर्वांत प्रसिद्ध. त्या डेटाबेसची एक गोष्ट एप्रिल २०१६ मध्ये छापून आली, आणि ती वाचल्यापासून 'जिओ' हा शब्द दिसला की मला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं एक शेतघर आठवतं. अमेरिकेतला पत्ता आहे, पण नेमका कुठला ते कळत नाही, अशा आयपींसाठी कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवला होता: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. आकडे गोल करून घेतलेले, सोयीचे. तो बिंदू पडला पॉटविन नावाच्या छोट्या गावाजवळच्या एका वृद्ध बाईंच्या शेतावर. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते नकाशावर त्यांच्या अंगणात राहायला आले. मग वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत, सरकारी तपास यंत्रणांची माणसं येत, फसवले गेलेले लोक चोराला शोधत येत, आत्महत्येच्या प्रयत्नाची खबर मिळाली म्हणून रुग्णवाहिका येई. तिथे भाड्याने राहणाऱ्या लोकांना आपल्याच दारात हे का चाललंय याचा पत्ता नव्हता. बातमी झाल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तळ्यात नेऊन ठेवला.

डेटाबेसची चूक म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ती चूक वाटत नाही. डेटाबेसने 'अमेरिका, कुठेतरी' एवढंच म्हटलं होतं, आणि त्या 'कुठेतरी'ला एक टिंब लागलं. टिंब दिसलं की माणूस गाडी काढतो. माझ्या लॉगमधले झेंडेही टिंबंच आहेत, जरा मोठी.

बरं, 'फक्त भारत' म्हटलं तरी भारतीय पत्त्यावरून येणारा भारतीयच असेल असं कुठाय? अ‍ॅमेझॉनचं क्लाउड २०१६ पासून मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं त्याच्या आधीपासून पुण्यात. जगातल्या कुठल्याही माणसाने कार्ड घासून तिथे तासावर एक यंत्र भाड्याने घेतलं की तो माझ्या फायरवॉलला देशबांधव. आमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन वही पुढे करतो, नाव आणि 'कुठून आले' एवढे दोन रकाने. डिलिव्हरीची पोरं 'नाशिक' लिहून आत जातात. नाशिकमध्ये. वॉचमन ते वाचतही नाही, कारण वही भरलेली असणं हेच त्याचं काम.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो बनावट पत्त्यांचा खेळ पुन्हा डोळ्यांपुढे आणा. हल्ल्यासाठी आलेल्या पॅकेटवर हल्लेखोराचा पत्ता नसतोच, ज्याला मारायचं त्याचा असतो. म्हणजे लॉगमध्ये ब्राझीलचा झेंडा फडफडत शेकडो प्रश्न विचारताना दिसतो तेव्हा ब्राझीलमधलं कुणी मला त्रास देत नसतं. माझ्या कपाटातल्या त्या डबीकडून ब्राझीलमधल्या कुणालातरी त्रास द्यायचा प्रयत्न चाललेला असतो. मी चिडून 'ब्राझील बंद' केलं तर उपकार ब्राझीलवर होतात, माझ्यावर नाही. आणि 'फक्त भारत' या रूलचा अर्थ काय उरतो? जगातल्या इतर सगळ्यांना माझ्या सर्व्हरपासून संरक्षण, आणि भारतातल्या एखाद्या दवाखान्याच्या, शाळेच्या, बँकेच्या पत्त्याचा मुखवटा लावून कुणी आलं तर त्याला आदराने वाट. ज्यांच्यासाठी म्हणून दार उघडं ठेवलं, माझ्या हातून झोडपलं जाण्याची सोय नेमकी त्यांचीच.

लोक 'चीन आणि रशिया ब्लॉक करा' असा सल्ला एकमेकांना किती सहज देतात हे मग बोचायला लागलं. त्या देशांतून स्कॅनिंग होत नाही असं मी म्हणत नाही, होतंच. पण यूडीपीच्या लॉगमधला झेंडा बघून कुठल्या देशाविषयी मत बनवणं म्हणजे निनावी पत्राखाली ज्याचं नाव असेल त्यालाच जाऊन भांडणं. पोर्ट ८५३ चं तसं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथे टीसीपी असतो, बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडून हो-हो व्हावं लागतं, त्यामुळे खोटा पत्ता लिहून भागत नाही. तिथला देश निदान त्या पत्त्याचा खरा असतो.

पण खऱ्या पत्त्यांची माणसंही एका जागी कुठे बसतात!

सासूबाई नणंदेकडे शारजाला गेल्या. विमानतळावर उतरल्या, भारतातलंच सिम रोमिंगवर, फोन लागला, पंचांग उघडलं, जाहिरात नाही. कारण रोमिंगमध्ये बहुतेक वेळा फोनचा डेटा आधी आपल्या मूळच्या कंपनीकडे परत येतो आणि मग इंटरनेटवर जातो. म्हणजे शारजात बसलेल्या सासूबाई माझ्या फायरवॉलला भारतातच दिसत होत्या. नणंदेच्या घरी पोहोचून वायफायला जोडल्या, आणि फोन ठप्प. नुसत्या जाहिरातीच नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपही नाही. अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये सर्व्हरचं नाव लिहून दिलं की तो दुसरीकडे विचारतच नाही. तो सर्व्हर भेटला नाही तर सगळं इंटरनेट बंद. वायफायवर त्या अमिरातीच्या झाल्या होत्या आणि अमिराती माझ्या यादीत नव्हती. नणंदेने राउटर दोनदा बंद-चालू केला. सासूबाईंचं निदान जास्त अचूक होतं: "इथलं वायफाय तुझ्या मशीनला आवडत नाही वाटतं."

अमिराती यादीत घातली. मग फ्रीमाँटच्या मामेभावाने विचारलं, "आम्हाला पण जमेल का?" आणि इथे मी थांबले. अमेरिका यादीत घालायची म्हणजे काय? आयपीव्ही४ चे जेवढे पत्ते जगात वाटले गेले आहेत त्यातले एक तृतीयांशाहून जास्त एकट्या अमेरिकेच्या नावावर आहेत, मोठमोठ्या क्लाउड कंपन्यांचे त्यात आले. एका मामेभावासाठी तेवढं सगळं उघडायचं? जर्मनी घातली तेव्हाच भाड्याच्या सर्व्हरांची एक मोठी बाजारपेठ आत आली होती. मराठी घरातली माणसं आता जिथे जिथे आहेत, तिथे तिथे डेटा सेंटरंही आहेत. दोघंही नोकरी बघूनच गेलेले. आमच्या नात्यागोत्याची यादी पुरी करत गेले असते तर शेवटी बंद काय राहिलं असतं? थोडे देश, जिथून स्कॅनिंग येतं पण आमचं कुणी राहत नाही. सुरक्षेचा निकष म्हणून हे हास्यास्पद आहे.

देशावरून अडवलं जाण्याची दुसरी बाजू धाकटीला चांगली माहीत. इथल्या एका सरकारी संकेतस्थळावर तिचं काम होतं, ते तिकडून उघडेना. माझ्याकडून लगेच उघडलं. पासवर्ड मला सांगून ते काम मी केलं. सुरक्षेसाठी परदेश बंद, आणि त्यापायी बहिणीचा पासवर्ड फोनवर मोठ्याने, अक्षर-अक्षर सुटं करून! मे २०१८ मध्ये युरोपात डेटासंरक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यून अशा अमेरिकी वर्तमानपत्रांनी नियम पाळायची तयारी करण्याऐवजी युरोपच्याच वाचकांना दार लावलं होतं. देशावरून अडवणं हे फार वेळा आळसाचं दुसरं रूप असतं. आणि ज्याला खरंच आत यायचंय तो व्हीपीएन घेतो, म्हणजे दुसऱ्या देशातल्या यंत्रामार्फत येतो. अडकतात ते साधे, सरळ मार्गाने येणारे.

शेवटी केलं ते असं. पोर्ट ५३ बाहेरून पूर्ण बंद. भारतालाही. आरएफसी ५३५८ मध्ये २००८ सालीच म्हटलं आहे की रिझॉल्व्हरने फक्त आपल्या ग्राहकांची कामं करावीत, आणि यूडीपीवर आपला ग्राहक ओळखायला पत्ता पुरत नाही हे कळल्यावर दुसरं काय करणार? सासूबाई आणि मामेभाऊ यांना वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल, म्हणजे घरापर्यंतची खासगी वाट, दिला. प्रत्येक फोनला आपली किल्ली, किल्ली असेल तर आत. फोनची फक्त डीएनएसची वाहतूक त्यातून जाते, बाकीचं आपापल्या वाटेने. वायरगार्डचा स्वभाव मला आवडतो. किल्ली जुळली नाही तर तो 'नाही' सुद्धा म्हणत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही, आणि जिथून उत्तरच येत नाही तिथून कुणावर लोंढा सोडणार? मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच असल्यामुळे त्या चिमुकल्या रास्पबेरी पायवरही काही जड जात नाही. सासूबाई आता देवळात असोत की शारजात, गाव कुणी विचारत नाही.

८५३ ठेवलंय, पण तिथे क्लायंट आयडी लागतो. सर्व्हरच्या नावाच्या आधी प्रत्येकाचा आपला एक शब्द. तो नसेल तर उत्तर नाही. ही किल्लीइतकी पक्की गोष्ट नाही, तो शब्द वाटेत दिसू शकतो, पण सासऱ्यांच्या जुन्या फोनवर टनेल सारखा तुटायचा म्हणून हा मार्ग.

आणि देशांची यादी? ती मी पुसली नाही. ८५३ च्या पुढे ती अजून आहे, फक्त तिच्यावर भिस्त काही नाही. तिच्यामुळे लॉग वाचण्याजोगा राहतो, कचरा निम्म्याहून कमी होतो, आणि खरंच काही वेगळं घडलं तर डोळ्यांत भरतं. एवढ्यासाठी ती चांगली आहे. घरी ज्यांनी बसवलीय त्यांनी काढून टाकावी असं मी म्हणणार नाही. कुलूप समजू नये इतकंच.

धाकटीला मात्र टनेलही दिला नाही, आणि त्यावर आमचं थोडं वाजलंही. "मला परकी करतेस का?" वगैरे. कारण वेगळं होतं. श्टुटगार्टहून नाशिकला विचारायचं आणि उत्तर परत न्यायचं यात शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात, आणि एका पानाच्या पोटात असे डझनावारी प्रश्न असतात. त्याहून गंमत म्हणजे व्हिडिओवाल्या कंपन्या बहुतेक वेळा प्रश्न विचारणारा रिझॉल्व्हर जिथे असेल त्याच्या जवळचा सर्व्हर नेमून देतात. म्हणजे जर्मनीत सोफ्यावर बसलेल्या बहिणीला चित्रपट यायचा तो मुंबईहून. तिला वाटायचं तिकडचं ब्रॉडबँड वाईट. ते बिचारं ठीकच होतं.

आणखी एक कारण होतं, ते तिला जरा उशिरा सांगितलं. डीएनएसचा लॉग म्हणजे कोण किती वाजता काय बघत होतं याची रोजनिशी. पंचांगवाल्या फोनचं ठीक आहे. पण बहीण रात्री दोन वाजता नोकरीच्या जाहिराती चाळतेय हे मला न विचारता दिसावं, हे मला नको होतं. सर्व्हर ज्याच्या घरी, त्याला हे सगळं दिसतं. कंपन्या आपली माहिती गोळा करतात म्हणून आपण घरी सर्व्हर बसवायचा आणि मग घरातल्यांची माहिती आपण गोळा करत बसायची, यात सुधारणा ती काय झाली? अ‍ॅडगार्ड होममध्ये लॉग किती काळ ठेवायचा ते ठरवता येतं आणि पत्ते झाकताही येतात. मी चोवीस तासांवर आणलाय, आणि पत्ते झाकलेत. सासूबाईंना विचारून. त्या म्हणाल्या, "बघ की, मी काय लपवतेय?" तरीही झाकलेत.

धाकटीने तिकडे स्वतःचा रास्पबेरी पाय आणला, एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघींनी मिळून बसवला. पोर्ट ५३ फक्त घरच्या नेटवर्कला. "आणि देशांची यादी कुठली टाकू?" तिने विचारलं. म्हटलं, बाहेरून काही उघडंच नाही, तर यादी कशाला?

राहिलं आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. आमच्या केबलवाल्याने ते न सांगता सुरू केलं, आणि एके दिवशी बघते तर टीव्हीपासून रास्पबेरी पायपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूला बाहेरून दिसू शकेल असा आपापला पत्ता. इतके दिवस जपलेला रूल आयपीव्ही४ पुरता होता. आयपीव्ही६ साठी सेट वेगळा, रूल वेगळा, राउटरमधली फायरवॉलही वेगळी. आमच्या राउटरवर तिचं बटण 'प्रगत' म्हणून लपवलेल्या पानाच्या तळाशी सापडलं. चालू होतं, पण मी गृहीत धरलं नव्हतं. ज्यांच्याकडे नवं फायबर आलंय त्यांनी तेवढं पान उघडून बघावं, आणि पाहुण्यांच्या वायफायसाठी तेच बटण वेगळं असतं का तेही.